तेलाच्या डब्यावरची तारीख

गेल्या संक्रांतीला आमच्या भिशीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला दोनच वस्तू वाण म्हणून दिल्या. एक मार्कर पेन आणि शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी. दांडिया बाजारातली आमची भिशी दहा जणींची. पेन तेलाच्या डब्यासाठी: डबा फोडला की त्यावर तारीख लिहायची, संपला की पुन्हा लिहायची.

बडोद्यात सिंगतेल (शेंगदाण्याचं) किंवा कपासिया (सरकीचं) तेल पंधरा किलोच्या डब्यानं भरायची पद्धत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या आहारसूचनांमध्ये 2000 कॅलरींच्या रोजच्या जेवणात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. चौघांच्या घरात ते 108 ग्रॅम होतं. म्हणजे एक डबा 139 दिवस, जवळजवळ साडेचार महिने पुरायला हवा. माझा दोन महिन्यांत संपत होता. माणशी साठ ग्रॅमच्या वर, आणि तूप वेगळंच. हा हिशेब मी भिशीत मोठ्यानं वाचला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण बहुतेक घरांत हीच गत होती.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचं पथ्य डॉक्टर एकालाच सांगतात, पण फोडणी सगळ्या घराची एकाच कढईत पडते. म्हणून मला फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया जिल्ह्याची गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकारानं जात होते. 1972 मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं, ते थेट स्वयंपाकघरांत शिरलं. मार्था नावाच्या महिला संघटनेनं गावोगाव संध्याकाळी बायकांना जमवून नेहमीचेच पदार्थ कमी लोण्यात आणि जास्त भाज्या घालून करून दाखवले. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लागल्या. साधारण 35 वर्षांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. त्याच काळात बाकीच्या फिनलंडमध्येही ते कमी झाले, म्हणून सगळं श्रेय या एका प्रकल्पाला देता येत नाही. पण गाव बदललं की घरं बदलतात, हे तिथे दिसलं.

आता मोजपट्टी. 'मी कुठे जाड आहे?' असं म्हणणाऱ्यांसाठी ती आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये एक फोटो प्रसिद्ध केला: ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन, शेजारी शेजारी. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! आपल्याकडे सडसडीत दिसणाऱ्या माणसाचीही चरबी पोटात, यकृताभोवती साठते आणि इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यातही कंबरेचा घेर विचारतात. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब फुकट तपासतात. तिथे जायला लाजू नका.

आपल्या आज्यांची शतपावली शास्त्राला धरूनच होती. जेवणातली साखर सगळ्यात जास्त खपवतात ते स्नायू. एरवी स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिनची मदत लागते. पण स्नायू काम करू लागला की साखर आत नेणारी प्रथिनं आपोआप पेशीच्या पृष्ठभागावर येतात, इन्सुलिन कमी पडत असलं तरी. म्हणून जेवणानंतर लगेच पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर फारशी उसळत नाही. फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

अमेरिकेत 3234 जणांवर मोठी चाचणी झाली. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. त्यातल्या एका गटाला आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि 7 टक्के वजन घटवण्याचं ध्येय दिलं. 2002 मध्ये निकाल आला: या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. खर्च मात्र भारी होता, कारण एकेकाला वेगळा सल्लागार. मग इंडियानापोलिसमध्ये वायएमसीए या सेवाभावी संस्थेच्या व्यायामशाळेतल्या माणसांनाच शिकवून हे धडे गटात दिले. खर्च खूप उतरला आणि वजन तरीही सरासरी 6 टक्के घटलं.

हे वाचलं आणि मला आपलं बडोद्यातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवलं. 1880 पासूनचं. जुम्मादादांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी तिथे सांघिक व्यायामाचा ध्यास घेतला होता. ज्या शहरात आखाडा आहे, कमाटी बाग आहे, गल्लोगल्ली भिशी आणि मंडळं आहेत, तिथे हे धडे द्यायला नवी इमारत कशाला हवी? चार तरुणांना कंबर मोजायला, रक्तदाब घ्यायला, चालण्याची नोंद ठेवायला शिकवलं तर काम आजच सुरू होईल. महापालिकेनं आणि मंडळांनी हे मनावर घ्यावं, असं मला अगदी कळकळीनं वाटतं.

आमच्या भिशीत आता पत्ते निघण्याआधी डब्यांच्या तारखा वाचल्या जातात. शेवउसळ होतेच, पण वरचा तर्रीचा थर चमच्यानं काढून टाकतो. सुलूमावशींचा डबा 94 दिवस पुरला. माझा फोडला त्यावर 11 जून लिहिलंय, आणि तो अजून अर्धा आहे.