तुमच्या नकाशावर सही कोणाची?

दादरच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात येणारे जुने ग्राहक हमखास विचारतात, "काम साहेब स्वतः बघणार ना, की पुतणी?" प्रश्न रास्त आहे. आयुष्यभराची पुंजी घरात घालायची, तर कोणाच्या भरवशावर हे कळायलाच हवं.

ऑफिस आजोबांनी सुरू केलं, मग काकांनी चालवलं, आता मी आहे. पण आडनावावर कोणी आर्किटेक्ट होत नाही. ५ वर्षांचं बी.आर्क. करावं लागतं आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो, पुढे वर्ष असतं. तो कोणालाही बेधडक विचारा, आम्हालाही.

पदवीनंतर मला खुर्ची नाही, टेप मिळाली. पहिली २ वर्षं मी नुसती मोजमापं घेतली. खोलीच्या चारही भिंती मोजून भागत नाही, कर्णही मोजावे लागतात. जुन्या चाळींतल्या खोल्या काटकोनात क्वचितच बसतात. हे काकांनी साइटवर उभं राहून शिकवलं.

दुसरी शाळा म्हणजे आजोबांच्या ट्रेसिंगचं, म्हणजे पारदर्शक कागदावर काढलेल्या नकाशांचं, कपाट. माटुंग्याला एका कुटुंबाला हॉलची भिंत काढायची होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पार्टिशन आहे, दोन दिवसांत साफ करतो. आजोबांच्या ट्रेसिंगवर त्या भिंतीची जाडी ९ इंच होती, आणि वरच्या प्रत्येक मजल्यावर त्याच रेषेत भिंत. म्हणजे वरचा भार हिच्यावरच. आम्ही काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं. भिंत राहिली, आम्ही मांडणी बदलली.

सगळंच मात्र जुन्या कपाटात सापडत नाही. काकांची उमेदीची वर्षं मुंबईच्या १९९१ च्या बांधकाम नियमावलीत गेली; २०१८ पासून डीसीपीआर २०३४ ही नवी नियमावली लागू आहे. एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याचा, हिशोब मी मांडते, काका तपासतात. बांधकामाच्या तपशिलात ते बोलतात, मी ऐकते. सही मात्र माझी, त्यामुळे जबाबदारीही माझी, आणि साइटवरही मीच येणार.

पहिल्या भेटीला मंजूर नकाशा आणि ओसीची (भोगवटा प्रमाणपत्राची) प्रत आणा; सोसायटीच्या दप्तरात मिळेल. गळती असेल तर पावसाळ्यातले फोटो आणा, उन्हाळ्यात ओल दिसत नाही. नकाशा घड्यांवर फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, तसाच आणा. उलगडायचं काम आमच्याकडे सोपवा.