टायटॅनियम, तापलेली धार आणि कोरडं वंगण

सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो आला आणि त्याच्या टायटॅनियमच्या चौकटीचा भरपूर गाजावाजा झाला. तेव्हापासून एक समज घट्ट बसलेला दिसतो: टायटॅनियम पोलादापेक्षा कितीतरी कठीण, म्हणून ते कापायला अवघड, म्हणून महाग. खरं तर त्याचं खनिजही दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, ते टायटॅनियमचंच खनिज. पैसा जातो तो त्यातून शुद्ध धातू काढण्यात आणि नंतर त्याला आकार देण्यात.

आणि कठीणपणाचं म्हणाल, तर फोनपासून विमानापर्यंत आणि खुब्याच्या कृत्रिम सांध्यापर्यंत सगळीकडे वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम. रॉकवेल सी मापावर (आकडा जितका मोठा, तितका धातू कठीण) त्याचं काठिण्य ३६ च्या आसपास भरतं. पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, कठीण केलेलं बेअरिंगचं पोलाद ६० च्या घरात असतं, आणि योग्य टूल, म्हणजे कापणारं हत्यार, लावलं तर तेही लेथवर फिरवून व्यवस्थित कापता येतं. तेव्हा टायटॅनियमची अडचण वेगळीच आहे.

ती आहे उष्णतेची. धातू कापला जातो तेव्हा मोटरची बहुतेक शक्ती अखेर उष्णतेत बदलते. साध्या कार्बन पोलादाची उष्णतावाहकता ५० वॅट प्रति मीटर प्रति केल्विनच्या आसपास, या मिश्रधातूची जेमतेम ७. त्यामुळे धारेपाशी तयार झालेली उष्णता जॉबमध्ये, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यात, पसरत नाही आणि चिपबरोबर, म्हणजे कापताना सुटणाऱ्या धातूच्या सालीबरोबर, पुरेशी बाहेरही पडत नाही. शिवाय चिप टूलला अगदी अरुंद पट्टीत टेकते, म्हणजे सगळा ताप तेवढ्याच जागेत एकवटतो. त्यातला सुमारे ८० टक्के वाटा टूलमध्ये जातो असं साधारणपणे मानलं जातं. धारेचं तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातं.

त्यात टायटॅनियमचा रासायनिक स्वभाव. एरवी या धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो आणि त्या थरामुळे तो शरीरातही निष्क्रिय राहतो. (मनगटात टायटॅनियमचं कडं घातलं की ‘शरीरातली ऊर्जा संतुलित होते’ असं सांगून कडी विकतात. ज्या धातूची सगळी किंमत शरीराशी कसलीही देवाणघेवाण न करण्यात आहे, त्याचं कडं तुमच्या सांधेदुखीचं काहीही करणार नाही.) कापताना मात्र दर क्षणी नवा, उघडा पृष्ठभाग बाहेर येतो. तो तापलेला असतो आणि समोर दिसेल त्याच्याशी संयोग पावतो. समोर असतं टंगस्टन कार्बाइडचं इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवलेली, बदलता येणारी कापणारी वडी), त्यातला कार्बन टायटॅनियमला हवाच असतो. थोडा वेळ चाललेलं इन्सर्ट भिंगाखाली धरलं तर धारेलगत चंदेरी धातूची पुटं चिकटलेली दिसतात. ही पुटं सुटून येताना कार्बाइडचे कणही उपटून नेतात आणि धारेमागे खळगा पडत जातो. म्हणून कोटिंग केलेल्या कार्बाइडने पोलाद मिनिटाला २०० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने कापता येतं, पण टायटॅनियमला साधारण ६० मीटरवर थांबावं लागतं.

कूलंटचा, म्हणजे थंड करणाऱ्या द्रवाचा, मारा करा, असं वाटेल. कारखान्यात तेच करतात, कधी ७० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण सत्तरपट, दाबाने. पण कूलंट तयार झालेली उष्णता वाहून नेतं. ती मुळात कमी तयार व्हावी, निदान चिप आणि टूल यांच्या घर्षणातून येणारा वाटा तरी घटावा, हे काम वंगणाचं. आणि या तापमानाला तेल टिकत नाही. म्हणून संशोधक घन वंगणांकडे वळले: ग्राफाइट, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, षट्कोनी बोरॉन नायट्राइड.

घन वंगण आपल्या घरात असतंच. कॅरम बोर्डवर टाकतो ती बोरिक पावडर, म्हणजे बोरिक ॲसिड, थरांचं बनलेलं असतं. थराच्या आत अणू घट्ट बांधलेले, दोन थरांमधलं आकर्षण कमकुवत. सोंगटी त्या थरांवरून सरकते. पण १७० अंशांच्या आसपास बोरिक ॲसिडमधलं पाणी निघून जातं आणि ही रचना मोडते. ग्राफाइट याहून खूप जास्त तापमान सोसतं. त्याच्या थरात कार्बनचे शेजारी अणू ०.१४२ नॅनोमीटरवर, तर दोन थर ०.३३५ नॅनोमीटरवर.

थर सैल, म्हणून ग्राफाइट निसरडं, इथे शाळेतलं पुस्तक थांबतं. खरी मजा त्यापुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले, फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे (मुख्यतः ग्राफाइटचे) ब्रश भराभर झिजून भुकटी होऊ लागले. जमिनीवर तेच ब्रश दीर्घकाळ टिकत. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी निर्वातात प्रयोग केले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष मांडले: ग्राफाइटला निसरडं राहायला बाष्प लागतं, अगदी थोडं का होईना. उंचावरच्या कोरड्या, विरळ हवेत तेच नव्हतं. ग्राफाइटचा थर जिथे तुटतो, तिथे कडेच्या कार्बन अणूंचे बंध मोकळे राहतात आणि समोरच्या पृष्ठभागाला पकडतात. पाण्याचे रेणू या मोकळ्या बंधांवर जाऊन बसतात आणि पकड सुटते. ग्राफाइटचा निसरडेपणा हा असा ग्राफाइट आणि हवा या दोघांचा मिळून असतो.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं नेमकं उलट. त्याच्या थराच्या दोन्ही बाजूंना गंधकाचे अणू असतात, त्याला बाष्पाची मदत लागत नाही, उलट दमट हवेत त्याचं घर्षण वाढतं. म्हणून अवकाशयानांच्या यंत्रणांत ते वापरतात. हवेत मात्र ४०० अंशांच्या आसपास त्याचं ऑक्सिडेशन होऊ लागतं. ग्राफाइटही हवेत साधारण ५०० अंशांपासून जळू लागतं. पांढरंशुभ्र बोरॉन नायट्राइड तेवढं ९०० अंशांपर्यंत तग धरतं, पण ग्राफाइटइतकं निसरडं नसतं आणि महागही पडतं.

मग ८०० अंशांच्या धारेवर ग्राफाइटचा काय उपयोग? इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. ६० मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १ मीटर. चिप साधारण त्याच वेगाने सरकते आणि संपर्काची पट्टी अर्धा मिलिमीटर धरली, तर चिपचा प्रत्येक बिंदू टूलवरून एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात निघून जातो. जळायला वेळ लागतो आणि हवाही लागते, तिथे दोन्ही अपुरी. दुसरी गोष्ट म्हणजे संपर्काची पट्टी सगळीकडे सारखी नसते. धारेला अगदी लागून दाब इतका प्रचंड असतो की चिपचा खालचा थर टूलला चिकटूनच बसतो आणि धातूच्या आत-आतच घसरण होते. तिथे कुठलंही वंगण शिरत नाही. त्यामागच्या भागात चिप खरोखर टूलवरून सरकते, तापमानही उतरत गेलेलं असतं. वंगणाची सत्ता तेवढ्या भागावर. म्हणून काही प्रयोगांत लेझरने इन्सर्टवर धारेपासून थोडं मागे बारीक चर कोरतात आणि त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड भरून ठेवतात. चिप जाता जाता ते स्वतःच पसरवत जाते. चर धारेच्या फार जवळ आले तर धारच कमकुवत होते, त्यामुळे ते किती मागे असावेत यावर बरंच काही ठरतं.

दुसरा मार्ग म्हणजे वनस्पती तेलात भुकटी मिसळून तासाला काही दहा मिलिलिटर इतकाच फवारा मारायचा. हल्ली ही भुकटी बहुधा नॅनोकणांची असते. कण बारीक असले तर अरुंद फटीत शिरणं सोपं, हे खरं. पण ‘नॅनो’ शब्द लावला की सगळं जमतं असं नाही. कणांचे गोळे होतात, तळाशी बसतात, नोझल तुंबतं, आणि प्रमाण वाढवत नेलं तर फायदा घटायला लागतो.

प्रयोगशाळेत कापायला लागणारं बल आणि टूलची झीज कमी झाल्याचे अनेक निकाल आहेत. तरी बहुतेक कारखाने कूलंटवरच आहेत आणि त्यांची कारणं रास्त आहेत. फवाऱ्याने चिप बाहेर ढकलली जात नाही आणि खोल भोकात ती अडकते. कोरडी भुकटी उडते, नाकात जाते, जमीन निसरडी करते. शिवाय सांध्याचं रोपण असो की विमानाचा भाग, पृष्ठभागावर गंधकाचा किंवा कार्बनचा अंश राहिलेला चालत नाही. त्यामुळे काळ्या भुकटीने माखलेला प्रत्येक जॉब धुवायचा, तपासायचा आणि मगच पुढे पाठवायचा. टूलवर वाचलेला पैसा त्या धुण्यात जातो की उरतो, हा हिशोब दर जॉबला वेगळा येतो.