पार्श्वभूमी : ‘उडालेला’ सर्व्हर आणि तो आपोआप उठवण्याचा वाद

शिरोलीची फाउंड्री असो की गळीत हंगामातला साखर कारखान्याचा वजनकाटा, सर्व्हर बंद पडला की कोल्हापुरात एकच शब्द कानावर येतो : ‘उडाला’. वीज गेली, उडाला. नेट तुटलं, उडाला. प्रोग्रॅम मेला, तरी उडालाच. अध्येमध्ये येणाऱ्या बिघाडाचा माग काढताना निम्मा वेळ या शब्दाची गाठ सोडवण्यातच जातो.

जुना इतिहास थोडक्यात. मेमरी चुंबकी कड्यांची (‘कोअर’) असायची, तेव्हा तिच्यातला मजकूर उतरवून घेण्याला ‘कोअर डम्प’ नाव पडलं. कड्या गेल्या, नाव राहिलं. पुढे १९८५च्या एका तांत्रिक अहवालात, पुन्हा तेच केलं की हमखास सापडणारे दोष आणि शोधायला गेलं की दडून बसणारे ‘हायझेनबग’ असे दोन प्रकार मांडले गेले. तपासलेल्या १३२ सॉफ्टवेअर-दोषांपैकी हमखास सापडणारा फक्त १ निघाला; बाकीचे पुन्हा प्रयत्न करताच नाहीसे झाले. हा आकडा लक्षात ठेवा.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर ‘उडाला’चे निदान दोन अर्थ होतात. एक, प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या मेमरीत हात घातला आणि कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) त्याला थांबवायला सिग्नल ११ दिला. यात कोअर फाइल (मरतानाच्या मेमरीची उतरवलेली प्रत) मिळू शकते, पण बऱ्याच यंत्रांवर तिच्या आकाराची मर्यादाच शून्य ठेवलेली असते. दुसरा अर्थ जास्त फसवा. यंत्राची मेमरी संपते आणि कर्नलचा ओओएम (‘आउट ऑफ मेमरी’) किलर सहसा सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्याचा बळी घेतो. हा सिग्नल ९. कोअर फाइल येत नाही, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या लॉगमधली (नोंदवहीतली) शेवटची ओळ रोजच्यासारखीच दिसते, आणि माणसं तिथेच आठवडाभर खोदत बसतात. उत्तर कर्नलच्या लॉगमध्ये एका ओळीत असतं. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) प्रोग्रॅम संपताना १३७ हा आकडा दिसला (१२८ अधिक सिग्नल ९), तर पहिला संशय इथेच घ्यावा.

मेमरी अशी अचानक का संपते? कर्नल मागणाऱ्याला सहसा ‘हो’ म्हणतो आणि खरी जागा वापर सुरू झाल्यावर देतो. जत्रेला पाचशे जणांना आवतण द्यायचं आणि रस्सा तीनशेंचा करायचा, तसं. एरवी खपून जातं. सगळे एकाच पंगतीला आले, की कुणाला तरी ताटावरून उठवावं लागतं.

खरा वाद आहे तो त्यानंतरचा. २०१०मध्ये सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) आलं आणि पडलेली सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, आपोआप उठवणं एका ओळीचं काम झालं. मुळात ही सोय बंद असते. चालू करतो तो आपण. बाजूने बोलणारे १९८५चाच आकडा पुढे करतात, आणि काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना त्यांच्याशी कोण भांडणार? पण तो आकडा दडणाऱ्या दोषांचा होता, अपुऱ्या रॅमचा नव्हता. सिस्टमडी हार मानतं ते १० सेकंदांत ५ वेळा उठवून झाल्यावर. दिवसातून एकदाच पडणारी सेवा या चाळणीत कधीच अडकत नाही.

एका कारखान्यात मी हेच पाहिलं. जावाचा हीप (जावा प्रोग्रॅमला वापरायला दिलेली मेमरी) जवळपास सगळ्या रॅमएवढा लावलेला, त्यात पहाटेचा बॅकअप. सेवा पहाटे मरायची, लगेच उठायची. तक्रार यायची ती फक्त ‘रात्रपाळीच्या दोन-चार पावत्या गायब’ एवढीच. किती वेळा उठवलं याची मोजणी सिस्टमडी ठेवत होतं. ती बघायची असते हे कुणाच्या गावीही नव्हतं.

फेडोरा या लिनक्सच्या एका आवृत्तीने २०२१मध्ये सिस्टमडी-ओओएमडी मुळातच चालू करून दिलं. ते मेमरीवरचा ताण मोजून कर्नलच्या आधीच बळी घेतं, आणि एकटी प्रक्रिया नव्हे, तिचा अख्खा गट मारतं. त्यामुळे ‘उडाला’ला तिसरा अर्थ आला, आणि ओओएमडीने मारलं असेल तर ती नोंद कर्नलच्या ओळींत नव्हे, ओओएमडीच्या नावाने जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) शोधावी लागते.