फाटकाला टांगलेली पिशवी

फोंड्याला आमच्या घरी पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो तेव्हा सगळे झोपेत असतात. आईने रात्रीच फाटकाला कापडी पिशवी अडकवलेली असते. पोदेर तीत उंडे आणि पोयी टाकतो नि पुढच्या वाड्याकडे वळतो. पाव घरात येतात ते तासाभराने. देणाऱ्याची नि घेणाऱ्याची गाठ पडत नाही, तरी काही अडत नाही. सी या प्रोग्रामिंग भाषेतून वापरायची मेसेज क्यू, म्हणजे निरोपांची रांग, मला या पिशवीमुळे उमगली.

संगणकावरचा प्रत्येक प्रोग्राम स्वतःच्या स्मृतीत बंदिस्त असतो. शेजारच्याच्या स्मृतीत त्याला डोकावता येत नाही, आणि ही भिंत मुद्दाम घातलेली आहे. पण एक प्रोग्राम तापमान मोजतो आणि दुसरा ते नोंदवतो, असं असेल तर आकडा पलीकडे पोचवायचा कसा? पाइप हा एक मार्ग. पण पाइपमधून अक्षरं पाण्यासारखी वाहतात. १० आणि २५ पाठवले तर वाचणाऱ्याच्या हाती एका दमात १०२५ पडू शकतं. रांगेत तसं होत नाही. एक निरोप टाकला की तो तेवढाच, अखंड बाहेर येतो. पिशवी सांभाळणारा असतो कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ घराण्यातली रांग ‘एमएसजीगेट’ने उघडते, ‘एमएसजीएसएनडी’ने भरते, ‘एमएसजीआरसीव्ही’ने रिकामी होते. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला ‘लाँग’ जातीचा, म्हणजे पूर्णांकाचा, एक आकडा असतो, निरोपाचा प्रकार. तो शून्याहून मोठाच हवा. मला या रांगेतलं सर्वांत देखणं काही वाटत असेल तर हा आकडा. उंड्यांना १ आणि पोयींना २ म्हटलं, तर घेणारा २ मागून उंडे तसेच ठेवू शकतो. शून्य मागितलं तर जो आधी आला तो मिळतो. उणे ३ मागितलं तर ३ पर्यंतच्या प्रकारांतला सर्वांत लहान आकड्याचा निरोप आधी हाती येतो. तातडीच्या कामांना पुढे काढायची सोय एवढ्या एका उणे चिन्हात बसवली आहे. पण निरोपाची लांबी सांगताना हा आकडा धरायचा नसतो, फक्त मजकूर मोजायचा. नवशिक्यांची हमखास चूक इथेच होते.

पिशवीला माप असतं. लिनक्सवर सहसा एक निरोप ८१९२ बाइटपर्यंत आणि अख्खी रांग १६३८४ बाइटची, म्हणजे सर्वांत मोठे दोन निरोप टाकले की ती भरली. भरल्या रांगेपाशी पाठवणारा थांबून राहतो, रिकाम्या रांगेपाशी घेणारा. थांबायचं नसेल तर तसं आधीच सांगता येतं. मग कर्नल त्रुटीचा संकेत देऊन लगेच परत पाठवतो.

प्रोग्राम संपला तरी ही रांग संपत नाही. एकदा मी चाचणी अर्ध्यावर तोडली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेला प्रोग्राम चालवला, तर आकडे भलतेच. दोन तास कोड चाळत होतो. शेवटी ‘आयपीसीएस -क्यू’ ही आज्ञा दिली तेव्हा कालचे निरोप रांगेत तसेच पडलेले दिसले. घरची माणसं गावाला गेल्यावर पिशवीत पाव शिळे होत राहावेत, तसं. ‘आयपीसीआरएम’ने रांग पुसून टाकली नि आकडे जागेवर आले.

पॉझिक्स या युनिक्स-छापाच्या सिस्टिमांसाठीच्या मानकातली रांग नंतरची. तिला तिरक्या रेघेने सुरू होणारं नाव असतं, आणि प्रकाराऐवजी प्राधान्य. तिथे मोठा आकडा आधी बाहेर पडतो, म्हणून एका पद्धतीची सवय दुसरीकडे नेऊ नये. पण तिच्यात भोंगा आहे! ‘एमक्यू-नोटिफाय’ने नोंदणी केली की निरोप आल्याची खबर मिळते. मात्र रिकाम्या रांगेत निरोप पडला तरच, एका वेळी एकाच प्रोग्रामला, आणि एकदाच. पुढच्या वेळेसाठी नोंदणी पुन्हा करावी लागते, तीही रांग रिकामी करण्याआधी. आधी रांग उपसली आणि मग नोंदणी केली, तर त्या मधल्या क्षणी आलेल्या निरोपाचा भोंगा वाजत नाही. प्रोग्राम वाट पाहत बसतो, आणि पाव पिशवीतच असतात.