पहिल्या अल्बमच्या आधीचं: मेटलकोअरची पार्श्वभूमी, झाडीपट्टीतून पाहिलेली

विदर्भातल्या ब्रह्मपुरी, वडसा किंवा पांढरकवड्याकडच्या चार-पाच पोट्ट्यांनी मेटलकोअर, म्हणजे हार्डकोर पंक आणि मेटल यांच्या मिश्रणाचा, बँड काढून पहिला अल्बम करतो म्हटलं, तर घरचा पहिला प्रश्न ठरलेला: हे खूळ आलं कुठून? प्रश्न टोमण्याचा असला तरी त्याला सरळ उत्तर आहे. हे संगीत बऱ्याच अंशी आडबाजूच्या गावांमधून, रिकामटेकडे समजल्या गेलेल्या पोरांकडूनच आलं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हार्डकोर पंक आणि मेटल हे दोन वेगळे कळप होते. हार्डकोरवाल्यांची गाणी दीड-दोन मिनिटांची, ओरडून म्हटलेली, कसबाची फिकीर नसलेली. मेटलवाल्यांना गिटारच्या हातखंड्याचा अभिमान. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. न्यूयॉर्कच्या अ‍ॅग्नॉस्टिक फ्रंटने १९८६ च्या ‘कॉज फॉर अलार्म’मध्ये हार्डकोरच्या रागात मेटलची गिटार मिसळली. नव्वदीत क्लीव्हलंडचा इंटिग्रिटी आणि सिराक्यूजचा अर्थ क्रायसिस यांनी तो सांधा पक्का केला. अर्थ क्रायसिसची मंडळी दारू, तंबाखू, मांस यांच्या कडक विरोधात होती आणि गाणीही त्यावरच. मोझरीच्या गुरुकुंजातल्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला शब्द पटले असते, आवाज मात्र नसता पटला.

दुसरा धागा स्वीडनचा. गोथेनबर्गच्या अ‍ॅट द गेट्सचा १९९५ चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ वेगवान होता, पण त्याच्या गिटारीत चक्क सूर होता, गुणगुणता येईल असा. अमेरिकेतल्या पुढच्या पिढीने तो उचलला, खाली हार्डकोरचा ‘ब्रेकडाऊन’ ठेवला, म्हणजे गाणं अचानक अर्ध्या लयीत उतरतं आणि गिटार-ड्रम एकाच ठोक्यावर आदळत राहतात ती जागा. गिटारच्या सगळ्या तारा एक सूर खाली उतरवायच्या, जाड तार आणखी एक सूर, म्हणजे ‘ई’वरून ‘सी’पर्यंत, ढिली करायची, तळव्याने दाबून वाजवायची, एका बोटात अख्खा पॉवर कॉर्ड (मेटलचा तो जाड, भरीव स्वरमेळ) मिळतो. कडवं किंचाळून, धृपद गळा मोकळा करून.

हा साचा ज्यांनी रुळवला त्यांतला किलस्विच एंगेज हा मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डचा. १९९९ मध्ये दोन मोडलेल्या बँडांच्या माणसांतून तो उभा राहिला आणि २००० मध्ये त्याच नावाचा पहिला अल्बम आला. तेव्हा अ‍ॅडम डटकेविच त्यात ड्रम वाजवत होता. पुढे तो गिटारवर गेला आणि इतरांचे अल्बम ध्वनिमुद्रित करू लागला. वयाचं म्हणाल तर ट्रिव्हियम या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम २००३ मध्ये आला तेव्हा त्याचा गायक मॅट हेफी सतरा वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयात बारावीचा निकाल आणि त्यावर नातेवाइकांची मतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पार्कवे ड्राइव्हचं उदाहरण. ऑस्ट्रेलियातलं बायरन बे हे समुद्रकाठचं गाव आपल्या बहुतेक तालुक्याच्या ठिकाणांपेक्षा लहान. तिथल्या ज्या रस्त्यावरच्या घरात ही पोरं सराव करायची, त्या रस्त्याचंच नाव त्यांनी बँडला दिलं. आधी दुसऱ्या एका बँडसोबत अर्धी-अर्धी वाटलेली सीडी, मग २००४ मध्ये ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा कमी गाण्यांची छोटी सीडी, आणि २००५ मध्ये ‘किलिंग विथ अ स्माइल’ हा पहिला अल्बम. तो ध्वनिमुद्रित करायला ते थेट वेस्टफील्डला, डटकेविचकडे गेले. एका लहान गावातून दुसऱ्या लहान गावात. सिडनी, न्यूयॉर्क वाटेत लागले असतील तेवढेच.

पण क्रम नीट पाहावा. आधी घरातली खोली, मग भाड्याचे छोटे हॉल, समोर ओळखीचीच मुलं, मग सीडी, मग ईपी. अल्बम शेवटी. पहिल्या अल्बमात जो घट्टपणा ऐकू येतो तो या हॉलांमधून आलेला असतो. कुठल्या ठिकाणी लोक उसळतात आणि कुठे मोबाइल काढतात, हे कानांना हेडफोन लावून कळत नाही.

भारतात ही साखळी मुंबई-बंगळूरमध्ये थोडीफार जमली. मुंबईच्या स्क्राइबने २०१० च्या ‘मार्क ऑफ तेजा’त हिंदी सिनेमातला खलनायक मेटलकोअरमध्ये आणला. दिल्लीच्या ब्लडीवुडने क्रम उलटा केला: सुरुवात यूट्यूबवर, २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाचा मंच, आणि ‘रक्षक’ हा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम २०२२ मध्ये. त्यांना शुद्ध मेटलकोअर म्हणणं चुकीचं ठरेल, पण ढोल आणि ढिली केलेली गिटार शेजारी बसतात हे त्यांनी दाखवलं.

विदर्भातल्या गावात हे पोचलं मेमरी कार्डातून. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. भीमगीतं, डीजे रिमिक्स आणि एखाद्या कोपऱ्यात लिंकिन पार्क. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दुकानदाराची आवड मधून गेली. ध्वनिमुद्रणाचंही तसंच. ड्रमसेट घ्यायला पैसा लागतो, ठेवायला खोली आणि वाजवायला बहिरे शेजारी. पण संगणकावर रचलेल्या ड्रमना आता कोणी हसत नाही. मेशुगासारख्या नावाजलेल्या बँडने २००५ मध्ये अख्खा अल्बम तसा केला. अँपचा आवाजही सॉफ्टवेअरमधून मिळतो. तेव्हा गावात बसून अल्बम तयार करणं आता अशक्य राहिलेलं नाही.

हातही तयार आहेत. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं इथे गावोगाव चालतात, आणि त्यातला पोरगा लयीला पक्का असतो. आवाजाचं तर विचारूच नका. संदलच्या मिरवणुकीत धुमाल वाद्यपथकामागे चाललेल्याला मेटलचा गोंगाट जास्त वाटायचं कारण नाही.

अडतं ते मधल्या कडीपाशी, म्हणजे लोकांसमोर वाजवायच्या छोट्या जागांपाशी. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. दर महिन्याला अर्धा तास वाजवायला गिटारी घेऊन एसटीने कोण जाणार? आणि नागपुरातही स्वतःची गाणी वाजवू देणाऱ्या जागा थोड्याच.

विचित्र असं की, ही मधली कडी नाटकासाठी या भागात फार पूर्वीपासून घट्ट आहे. झाडीपट्टी रंगभूमी म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावांमध्ये रात्रभर चालणारी नाटकं. वडसा हे तिचं ठाणं. कंपन्यांची कार्यालयं तिथेच. शंकरपट (बैलांच्या शर्यती), मंडई (गावची जत्रा) अशा निमित्ताने गावातलं मंडळ कंपनीशी प्रयोग ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. कंपनीला तिची ठरलेली रक्कम, नफा-तोटा मंडळाचा. नट, ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅडवाला गावामागून गाव करतात आणि हंगामात तयार होतात. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बायरन बेच्या पोरांना छोट्या हॉलांनी जे दिलं, ते इथल्या नटाला मंडप देतो: रोज नवं गाव, समोर खरं माणूस.

बँडला हीच वाट जशीच्या तशी मिळणार नाही. मंडपात सतरंजीवर आजी, सून, नातू एकत्र बसतात, आणि ब्रेकडाऊनला उड्या मारायला जागा लागते. शिवाय मंडळाला तिकीट खपायची खात्री हवी. पण नाटकाआधी पडदा उघडायची वाट पाहत लोक बराच वेळ बसून असतात. त्या वेळात एका गावच्या मंडळाने आपल्याच पोट्ट्यांना तीन गाणी वाजवू दिली, तर खर्च फारसा नाही: मंडप, जनरेटर, स्पीकर तिथे आधीच उभे असतात. अल्बमची घाई करण्याआधी एखाद्या हंगामात हे करून पाहायला हवं, आणि तीन गाण्यांतलं एक तरी झाडीबोलीत असावं.