अबॉमिनेट

पराकोटीचा तिटकारा दाखवणारे इंग्रजी क्रियापद. ‘हेट’ हा शब्द कारल्याच्या भाजीपासून हाडवैऱ्यापर्यंत कोणालाही लावता येतो. ‘अबॉमिनेट’मध्ये नावडीसोबत पापाची, विटाळाची छटा असते. बोलण्यात हे क्रियापद क्वचितच येते. ‘अबॉमिनेबल’ हे विशेषण आणि ‘अबॉमिनेशन’ हे नाम त्याहून जुने आणि अधिक रुळलेले आहे.

मूळ लॅटिन. ‘अब’ म्हणजे दूर, ‘ओमेन’ म्हणजे शकुन. अपशकुन दिसताच ‘हे टळो’ असे म्हणणे म्हणजे ‘अबोमिनारी’. कोणी अभद्र बोलले की ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणणाऱ्याची वृत्ती हीच. जे टळावेसे वाटते त्याची पुढे शिसारी येऊ लागली आणि शकुनाचा अर्थ मागे पडला. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘अबॉमिनेशन’ वारंवार येतो. मराठी बायबलात त्या जागी ‘अमंगळ’ हा शब्द आढळतो. लॅटिन मुळाशी त्याचे नाते ‘किळस’ या शब्दापेक्षा कितीतरी जवळचे आहे.

मध्ययुगातील पंडितांनी मात्र या शब्दाची भलतीच फोड केली : ‘अब होमिने’, म्हणजे माणसापासून दूर, अमानुष. त्या नादात स्पेलिंगमध्ये ‘एच’ हे अक्षर घुसले. शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे पहिल्या एकत्रित आवृत्तीत, ‘अबॉमिनेबल’ हा शब्द 18 वेळा येतो आणि प्रत्येक वेळी ‘एच’सकट. गंमत अशी, की त्याच्याच ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मधला होलोफर्नीस हा पढीक मास्तर लोक हा ‘ह’ उच्चारत नाहीत म्हणून चिडतो. कालांतराने अक्षर गेले, पण ‘अमानुष’ची सावली शब्दावर बरीच वर्षे राहिली.

1921 मध्ये हा शब्द थेट हिमालयात पोहोचला. एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेलेल्या ब्रिटिश मोहिमेला बर्फात मोठे ठसे दिसले. मोहिमेचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांना ते लांडग्याचे वाटले. बरोबरच्या हमालांनी ‘मेतो कांगमी’ असे नाव घेतले. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी ‘मेतो’चा अर्थ घाणेरडा असा लावला आणि इंग्रजीत ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’ करून टाकले. भाषांतर चुकीचे होते, पण नाव जगभर गेले. ज्या शब्दात पंडितांनी ओढूनताणून माणूस शोधला होता, त्याला अखेर माणसासारखा प्राणी चिकटला, तोही चुकूनच. मराठीने ‘हिममानव’ तेवढा घेतला, विशेषण सोडून दिले.