उशी बडवल्यानं राग उतरतो का?

'राग दाबू नका, उशी बडवा, राग निघून जाईल.' उन्हानं डोकी तापली की आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच. बडवून मोकळं वाटतं, हे खरं. म्हणून तर तो पटतो. पण राग उतरत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निबंधावर खोचक शेरे मारून विद्यार्थ्यांना चिडवलं. काहींनी शेरेवाल्याला मनात आणून पंचिंग बॅग बडवली, काही नुसते गप्प बसले. नंतर संधी मिळाल्यावर बडवणारेच जास्त आक्रमक निघाले. बडवताना छाती धडधडत राहते, भांडण मनात घोळत राहतं. स्वतःच तपासा: चिडल्यावर एकदा आदळआपट करून नाडी मोजा, पुढच्या वेळी सिद्धेश्वर तलावाकाठी दहा मिनिटं बसून.